ओल्या सडीच्या नमुन्यातून दरवेळी स्यूडोमोनासच का निघतो?

पावसाळ्यात कोबीचा सडका गड्डा प्रयोगशाळेत येतो. बाहेरची पानं ढिली झालेली, आतून पाणी सुटलेलं, दांडा दाबला की बोट आत जातं. बघणारा लगेच म्हणतो, ही ओली सड, म्हणजे ती करणारा नेहमीचा जिवाणू पेक्टोबॅक्टेरियमच असणार. तुकडा घेऊन न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या साध्या माध्यमावर, रेघा ओढल्या जातात. दुसऱ्या दिवशी प्लेट गच्च भरलेली. त्यातली कॉलनी किंग्ज बी माध्यमावर टाकली की अतिनील दिव्याखाली हिरवट चमकते, ऑक्सिडेज (एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, रंग-चाचणी) पॉझिटिव्ह येतं आणि अहवालात स्यूडोमोनास हा दुसराच जिवाणू लिहिला जातो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच गावचा लेट्यूस येतो आणि पुन्हा तेच. कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी असोत की एखाद्या शेतकरी कंपनीच्या छोट्या लॅबमधले तंत्रज्ञ, प्रश्न एकच असतो: आमच्याकडे पेक्टोबॅक्टेरियम का निघत नाही?

माझं मत असं की अशा बहुतेक प्रकरणांत चाचण्यांचा तक्ता बरोबरच वापरलेला असतो. चूक त्याच्या आधी झालेली असते, म्हणजे तुकडा कुठून कापला आणि नमुना किती शिळा होता यात. किंवा नंतर, रोग पाडून बघण्याच्या चाचणीत. मधल्या जैवरासायनिक चाचण्या त्या मानाने सोप्या आहेत, त्यामुळे खाली त्यांच्याबद्दल कमी आणि या दोन टोकांबद्दल जास्त लिहिलं आहे.

सड जिवाणूचीच आहे ना?

सडलेल्या भागाच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दोन मिनिटांचं काम, पण घाईत हेच राहून जातं. बुरशीचे धागे दिसले तर दिशाच बदलते. लेट्यूस आणि कोबीवर स्क्लेरोटिनियासुद्धा ओलसर, पाणचट सड करतो. सुरुवातीला ती जिवाणूच्या सडीसारखीच दिसते. एक-दोन दिवस ओल्या टिश्यूवर डब्यात ठेवलं की पांढरी कापसासारखी वाढ येते आणि नंतर त्यात काळे टणक दाणे धरतात. मग शंका राहत नाही. जमिनीला टेकलेल्या पानांवर पिथियम आणि बाजारातून आलेल्या मालावर ऱ्हायझोपस हेही पाहुणे असतात.

वासावरून निदान करू नका. पेक्टोबॅक्टेरियमची ताजी, शुद्ध सड जवळजवळ बिनवासाची असते. नाक धरावं लागतं ते नंतर आलेल्या इतर जिवाणूंमुळे, आणि कोबीत तर गंधकाच्या संयुगांची भर पडते. भपकारा येणारा नमुना म्हणजे तुम्ही उशिरा पोचलात, एवढाच त्याचा अर्थ.

कोबीत आणखी एक गुंता आहे आणि आपल्याकडे तो फार वेळा भेटतो. घाण्या रोग, म्हणजे झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस, पानाच्या कडेवरच्या जलरंध्रांतून आत शिरतो. कडेपासून आत येणारा इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा डाग आणि काळ्या पडलेल्या शिरा ही त्याची खूण. शिरा मेल्या की त्याच वाटेने ओली सड करणारे जिवाणू घुसतात आणि काही दिवसांत मूळ रोगाची खूणच पुसली जाते. शिवाय झँथोमोनासच्या कॉलन्या दिसायला दोन-तीन दिवस लागतात, पेक्टोबॅक्टेरियम २४ तासांत प्लेट व्यापतो. सडलेल्या जागेतून तुकडा घेतला तर झँथोमोनास कधीच दिसणार नाही. म्हणून गड्ड्यावर एखादं जरी पिवळ्या कडेचं पान असेल, तर त्या पिवळ्या-हिरव्या सीमेवरून वेगळा तुकडा घ्या, यीस्ट अर्क, डेक्स्ट्रोज आणि कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या माध्यमावर लावा आणि ती प्लेट तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत फेकू नका. पिवळ्या, फुगीर, चिकट कॉलन्या आल्या तर शेतकऱ्याला द्यायचा सल्ला बियाण्यापासून सुरू होतो. निचरा आणि साठवणूक मग दुसऱ्या क्रमांकावर.

पानाच्या टोकाची जळ, म्हणजे टिपबर्न, हीसुद्धा अशीच एक वाट. आतल्या कोवळ्या पानांना कॅल्शियम कमी पोचलं की कडा मरतात, वर पाणी साचतं आणि सड गड्ड्याच्या आतून सुरू होते. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीने केलेली भोकं, आंतरमशागतीत खुरप्याचा लागलेला घाव, काढणीत खरचटलेला दांडा यांचंही तेच. नमुन्यासोबत एवढी माहिती मागून घ्या. नुसतं ‘गड्डे सडतात’ असं लिहिलेल्या चिठ्ठीवर निदान उभं करता येत नाही.

कड कापा, लगदा घेऊ नका

आता मूळ दुखण्याकडे. सडीच्या मधोमध जो लगदा असतो त्यात रोग पाडणारा जिवाणू कमी आणि आयतं जेवायला आलेले जास्त असतात. आग विझल्यावर जमलेल्या गर्दीतून आग लावणारा शोधण्यासारखं ते आहे. पानांच्या पृष्ठभागावर प्रकाशणारे स्यूडोमोनास निरोगी झाडावरही असतातच. पेशी फुटून रस बाहेर आला की तेच आधी वाढतात, आणि साध्या न्यूट्रिएंट अगारवर त्यांचीच चलती असते.

तुकडा घ्यायचा तो निरोगी आणि पाणचट भागाच्या सीमेवरून. तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. पालेभाज्यांचा मऊ भाग हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात, बराच वेळ बुडवून ठेवला तर आतला जिवाणूही मरतो. मग जो वाचतो तो बीजाणू धरणारा बॅसिलस, आणि अहवालात भलतंच नाव जातं. मी स्वतः पानाच्या पातळ भागाला रसायन लावतच नाही. वाहत्या पाण्याखाली धुऊन, निर्जंतुक पाण्यात दोन-तीनदा खळबळून घेतो. जाड दांडा असेल तर वरची साल ७० टक्के अल्कोहोलने पुसून, निर्जंतुक ब्लेडने सोलून आतला भाग घ्यावा.

तुकडा निर्जंतुक पाण्याच्या थेंबात चिरून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा, म्हणजे जिवाणू बाहेर येतात. मग त्या पाण्याचे दहा-दहा पटीने पातळ द्रावण करत न्या आणि दोन-तीन पातळ्या प्लेटवर लावा. थेट तुकडा प्लेटवर घासण्याची पद्धत बुरशीसाठी ठीक आहे, इथे ती घात करते. पातळ द्रावणातली सुटी कॉलनी उचलायची आणि तीही आणखी एकदा शुद्ध करूनच पुढे न्यायची. अर्धी गोंधळात टाकणारी उत्तरं मिश्र कॉलनीची असतात. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह आणि किण्वनही (हवेशिवाय साखरेचं आम्ल करणं) पॉझिटिव्ह असं काही दिसलं की आधी शुद्धतेवर संशय घ्या.

नमुना प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, बसच्या टपावरून, दुपारच्या उन्हात आला असेल तर त्यातून काहीही निघू शकतं. पिशवीत हवा संपते, पाणी सुटतं आणि प्रवासातच सड दुप्पट होते. नमुना देणाऱ्याला सांगा: पूर्ण सडलेला गड्डा नको, नुकती सुरुवात झालेले दोन-तीन आणा, वर्तमानपत्रात गुंडाळा, पाणी मारू नका, गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत एक निरोगी गड्डाही मागा, पुढे लागतो. आणि फवारणी विचाराच. स्ट्रेप्टोमायसीन असलेलं औषध किंवा तांबायुक्त औषध नुकतंच मारलं असेल, तर पृष्ठभागालगतच्या भागातून जे तगलं तेच तुमच्या प्लेटवर येणार.

सीव्हीपीवर खड्डेच पडत नाहीत

न्यूट्रिएंट अगारवर आंधळेपणाने कॉलन्या उचलण्यापेक्षा क्रिस्टल व्हायोलेट पेक्टेट, म्हणजे सीव्हीपी, वापरा. कपल्स आणि केलमन यांनी १९७४ मध्ये ते मांडलं आणि अजूनही त्याला तोड नाही. त्यातला क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम-पॉझिटिव्ह (जाड पेशीभित्तीच्या) जिवाणूंना दाबतो. पेक्टेट हे पेक्टिनचं, म्हणजे भाजीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पदार्थाचं, रूप. त्याची जेल कॅल्शियममुळे धरलेली असते, तिला खाणारा जिवाणू कॉलनीखाली खड्डा पाडतो. पेक्टोबॅक्टेरियम आणि त्याचा जवळचा नातलग डिकेया यांचे खड्डे २४ ते ४८ तासांत खोल वाटीसारखे दिसतात, कॉलनी त्यात बुडते.

तक्रार अशी असते की माध्यम पातळ राहिलं, किंवा धरलं पण खड्डे आलेच नाहीत. पहिल्यांदा पेक्टेटची बाटली तपासा. जॅमसाठीचं पेक्टिन इथे चालत नाही. त्यात मिथाइल गट जास्त असल्याने कॅल्शियमसोबत हवी तशी जेल बसत नाही. सोडियम पॉलिपेक्टेट किंवा या कामासाठी पारखलेलं कमी मिथाइल असलेलं पेक्टिनच हवं. तेही एका कंपनीचं, एका बॅचचं चाललं म्हणून पुढच्या बॅचचं चालेल याची खात्री नाही. नवीन बाटली आली की ओळखीच्या जिवाणूवर आधी पारखून घ्यायची, मगच नमुने लावायचे.

दुसरं, बनवण्याचा क्रम. उकळत्या पाण्यात बाकी सगळं आधी, ब्लेंडर चालू ठेवून पेक्टेट सर्वात शेवटी आणि चिमटी-चिमटीने. एकदम ओतलं की गाठी होतात आणि त्या ऑटोक्लेव्हमध्येही सुटत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइड विसरला तर माध्यम आंबट राहतं. जेल नीट बसत नाही आणि पेक्टेट लायेज हे मुख्य विकरही मंदावतं, कारण त्याला अल्कधर्मी बाजू आणि कॅल्शियम दोन्ही लागतात. ऑटोक्लेव्हमधून काढल्याबरोबर ओता. हे माध्यम नेहमीच्या अगारसारखं पुन्हा वितळवून वापरता येत नाही. ओतताना आलेले बुडबुडे नंतर खड्ड्यांसारखे दिसतात आणि नवख्या डोळ्यांना फसवतात. म्हणून जिवाणू न लावलेली एक प्लेट शेजारी ठेवून तुलना करावी.

तिसरं म्हणजे ओल. पावसाळ्यात प्लेटच्या झाकणाखाली पाणी साठतं, कॉलन्या एकमेकींत वाहतात आणि सगळा पृष्ठभाग चिखल होतो. लावण्याआधी प्लेटा निर्जंतुक कक्षात झाकण तिरकं ठेवून वाळवा. उलट, आठवडाभर फ्रीजमध्ये सुकलेल्या प्लेटवर खड्डा उथळ पडतो. तापमान २७-२८ अंश ठेवा. इनक्युबेटर नसेल आणि खोलीचं तापमान ३५ च्या पुढे जात असेल तर ते निकाल धरू नका.

इतकं करूनही काहीच उगवलं नाही आणि लक्षणं मात्र स्पष्ट असतील, तर पेक्टेट असलेल्या द्रव माध्यमात तुकडा टाकून, हवा रोखून, २८ अंशांवर ४८ तास ठेवा आणि मग सीव्हीपीवर लावा. पेक्टोबॅक्टेरियम हवेशिवाय वाढतो, स्यूडोमोनासला तिथे सहसा जमत नाही, त्यामुळे पारडं फिरतं. पण एक सांगतो: या वाटेने मातीतून, ओढ्याच्या पाण्यातून, अगदी निरोगी पानावरूनही पेक्टोबॅक्टेरियम काढता येतो. तो तिथे होता एवढंच यातून कळतं. सड त्यानेच केली हे अजून सिद्ध व्हायचं असतं.

खड्डा पडला, पण कुणाचा?

स्यूडोमोनास मार्जिनालिस आणि स्यूडोमोनास व्हिरिडिफ्लाव्हा हेही पेक्टेट खातात. त्यांचे खड्डे साधारणपणे उथळ आणि पसरट असतात, पण नुसत्या डोळ्यांनी पैज लावू नका. इथे तीन झटपट चाचण्या पुरतात.

तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ताजी कॉलनी घोळून लूप उचला. लूपसोबत चिकट तार ओढली गेली तर ग्रॅम-निगेटिव्ह. नंतर ऑक्सिडेज: २४ तासांची, साध्या न्यूट्रिएंट अगारवरची वाढ घ्या. सीव्हीपीवरची कधीच नको, कारण जांभळ्या रंगावर जांभळा निकाल वाचायचा कसा? निक्रोम लूप वापरू नका, त्यातल्या लोखंडामुळे खोटा पॉझिटिव्ह येतो. निर्जंतुक टूथपिक उत्तम. दहा सेकंदांत रंग आला तरच पॉझिटिव्ह, चहा पिऊन आल्यावर आलेला धरायचा नाही. तिसरी ह्यू-लीफसनची जोडी: साखर आणि आम्ल झाल्यावर पिवळा होणारा रंग असलेल्या दोन नळ्या, एक उघडी, दुसरीवर हवा रोखणारा पॅराफिनचा थर. दोन्ही पिवळ्या झाल्या तर किण्वन करणारा, म्हणजे पेक्टोबॅक्टेरियम किंवा डिकेया. फक्त उघडी पिवळी झाली तर स्यूडोमोनासच्या बाजूचा. एकच चाचणी परवडत असेल तर ही करा.

कारण ऑक्सिडेजवर विसंबणाऱ्यांना व्हिरिडिफ्लाव्हा हमखास चकवतो. तो ऑक्सिडेज निगेटिव्ह आहे, बटाटा सडवतो, सीव्हीपीवर खड्डे पाडतो. एवढं बघून त्याला पेक्टोबॅक्टेरियम ठरवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. किंग्ज बीवर तो प्रकाशतो आणि पॅराफिनखालची नळी पिवळी करत नाही, तिथे तो पकडला जातो. किंग्ज बीबद्दलही एक जपायची गोष्ट: प्रकाश देणारं रंगद्रव्य जिवाणू लोखंड कमी असतानाच तयार करतो. बोअरच्या पाण्यात माध्यम बनवलं की प्रकाश मावळतो आणि स्यूडोमोनास सुटून जातो. डिस्टिल्ड पाणीच वापरा.

स्यूडोमोनासची पुढची फोड १९६६ च्या लोपॅट पद्धतीने होते: लेव्हान (साखरेपासून चिकट पदार्थ बनवणं), ऑक्सिडेज, बटाटा सड, आर्जिनिन डायहायड्रोलेज (आणखी एक विकर), तंबाखूच्या पानावरची प्रतिक्रिया. मार्जिनालिसला पहिल्या चारही पॉझिटिव्ह आणि तंबाखू निगेटिव्ह. व्हिरिडिफ्लाव्हाला बटाटा आणि तंबाखू पॉझिटिव्ह, बाकी तीन निगेटिव्ह. लेट्यूसवर तपकिरी चकचकीत डाग पाडणारा स्यूडोमोनास सिकोराय ऑक्सिडेज आणि तंबाखूत पॉझिटिव्ह, पण बटाटा सडवत नाही.

आणि स्यूडोमोनास प्रत्येक वेळी उपराच असतो असंही नाही. मार्जिनालिस हे नावच लेट्यूसच्या पानांच्या कडा करपवणाऱ्या रोगावरून पडलेलं आहे. नमुना शीतगृहातून किंवा कापून पाकिटबंद केलेल्या पालेभाजीतून आला असेल, तर उलट पहिला संशय त्यांच्यावरच जायला हवा. ४-५ अंशांवर पेक्टोबॅक्टेरियम जवळपास थांबतो, पण हे स्यूडोमोनास हळूहळू का होईना, काम चालू ठेवतात. म्हणून नमुन्याच्या पावतीवर ‘शेतातून’, ‘आडतीवरून’ की ‘शीतगृहातून’ हे लिहून घ्यावं. पाचगणीच्या शेतात उभा असलेला लेट्यूस आणि मुंबईच्या दुकानात आठवडाभर थंडीत राहिलेला तोच लेट्यूस, दोघांच्या सडीचं कारण वेगळं असू शकतं.

ग्रॅम-पॉझिटिव्ह निघाला तर? बॅसिलसच्या काही जाती उकाड्यात भाजी सडवतात हे खरं, पण त्याला शेवटचा उमेदवार ठेवा. बहुतेक वेळा तो हायपोक्लोराइटमधून वाचलेलाच असतो.

पेक्टोबॅक्टेरियम की डिकेया

किण्वन करणारा, ऑक्सिडेज निगेटिव्ह, खोल खड्ड्यांचा जिवाणू हाती आला की पुढचं जुनं त्रिकूट अजून कामाचं आहे. डिकेया इंडोल पॉझिटिव्ह, फॉस्फटेज पॉझिटिव्ह आणि एरिथ्रोमायसीनला बळी पडणारा. पेक्टोबॅक्टेरियम कॅरोटोव्होरम तिन्हींत उलट. एरिथ्रोमायसीनची १५ मायक्रोग्रॅमची चकती कोणत्याही वैद्यकीय प्रयोगशाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळते, स्वस्त आहे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देते. ट्रेहॅलोज या साखरेपासून आम्ल कॅरोटोव्होरम करतो, डिकेया करत नाही. एवढं जुळलं तर मी समाधानी असतो.

तापमानाचा जुना नियम मात्र जपून वापरा. २७ अंशांतच खड्डे पाडणारा पेक्टोबॅक्टेरियम अॅट्रोसेप्टिकम, ३३.५ पर्यंत पाडणारा कॅरोटोव्होरम आणि ३७ मध्येही पाडणारा डिकेया, अशी विभागणी युरोपातल्या बटाट्यांवरून आली. आता वेगळ्या ओळखल्या गेलेल्या जातींपैकी पेक्टोबॅक्टेरियम ब्राझिलिएन्स ३७ अंशांतही खड्डे पाडतो. त्यामुळे आपल्या हवामानात फक्त तापमानावरून डिकेया ठरवला तर फसगत होण्याची शक्यता मोठी आहे. अॅट्रोसेप्टिकम हा थंडीतला आणि मुख्यतः बटाट्यावरचा. ऑगस्टमधल्या कोबीत तो सापडल्याचा अहवाल आला तर मी आधी इनक्युबेटरचा थर्मामीटर बघेन.

बटाट्याची चकती सगळ्यांनाच पास करते

आता दुसरं टोक. जिवाणू बटाट्याच्या चकतीवर टाकला, सड झाली, म्हणजे रोगकारक सिद्ध, असा सर्रास निष्कर्ष निघतो. पण जाड द्रावण टाकलं तर पेक्टेट खाणारा कोणताही पृष्ठभागावरचा स्यूडोमोनास चकती मऊ करतो. चकतीने फक्त एवढं सांगितलं की या जिवाणूकडे पेक्टिन तोडणारी विकरं आहेत. ते तर सीव्हीपीने आधीच सांगितलं होतं.

त्याहून डोकेदुखीची तक्रार म्हणजे नुसतं पाणी टाकलेली तुलनेची चकतीही सडते. याचं कारण बहुधा तुमच्या हातांत नसून बटाट्यातच असतं. बटाट्याच्या सालीवरच्या छिद्रांत पेक्टोबॅक्टेरियम सुप्त बसलेला असतो. ओल आणि हवाबंद डबा मिळाला की जागा होतो. जाड साल काढा, मधला भागच वापरा, डब्यात ओला टिश्यू ठेवा पण चकती पाण्यात बुडू देऊ नका आणि झाकण घट्ट लावू नका. तुलनेची चकती सडली तर त्या फेरीचे सगळे निकाल बाद. त्यातले सोयीचे तेवढे ठेवण्याचा मोह होतो, तो टाळायचा.

खरी परीक्षा ज्या भाजीतून जिवाणू आला त्याच भाजीवर घ्या. मघाशी मागवलेला निरोगी गड्डा इथे कामी येतो. पानाच्या जाड मधल्या शिरेला निर्जंतुक टूथपिकने हलका टोच द्या आणि दहा मायक्रोलिटर द्रावण ठेवा. द्रावण तीन पातळ्यांचं करा: मिलीलिटरला साधारण दहा कोटी पेशी, दहा लाख आणि दहा हजार. जाड द्रावणाने सगळेच सडवतात. खरा रोगकारक आणि उपरा यांच्यातला फरक पातळ द्रावणात दिसतो. पेक्टोबॅक्टेरियम संख्येचा अंदाज घेऊन मगच विकरं मोठ्या प्रमाणात सोडतो, हे खरं. पण ओल्या जखमेत त्याला ती संख्या गाठायला फार वेळ लागत नाही. २८ अंशांत २४ ते ४८ तासांत शिरेच्या दोन्ही बाजूंना पाणचट पट्टा पसरायला हवा. टोचलेल्या जागेपुरतं मऊ होऊन थांबलं तर मी ते पॉझिटिव्ह धरत नाही.

शेजारी तीन तुलना हव्यात: फक्त पाणी, पेक्टिन न खाणारा एखादा निरुपद्रवी जिवाणू, आणि ओळखीचा पेक्टोबॅक्टेरियम. शेवटचा पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या किंवा चंदिगडच्या एमटीसीसीसारख्या संग्रहातून मागवता येतो. एकदा आला की ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. फ्रीजमध्ये तिरक्या अगारवर महिनोन्‌महिने फिरवत ठेवलेला जिवाणू हळूहळू जोर गमावतो. मग तुमची पॉझिटिव्ह तुलनाच निगेटिव्ह येते आणि सगळी फेरी वाया जाते.

सड झाली की तिच्या कडेवरून पुन्हा जिवाणू काढा आणि किण्वन, ऑक्सिडेज, एरिथ्रोमायसीन पुन्हा बघा. प्रबंधांत ही पायरी एका ओळीत लिहिलेली असते, पण प्रत्यक्षात ती नेमकी किती जण करतात याबद्दल मला शंका आहे.

नाव कुठपर्यंत खाली न्यायचं

जिवाणू ओळखायला नेहमी वाचलं जाणारं १६एस जनुक वाचून घेतलं, संगणकाने ९९ टक्के जुळणी दाखवली, पहिल्या ओळीत एर्विनिया कॅरोटोव्होरा आलं, दुसऱ्यात पेक्टोबॅक्टेरियम ॲरॉइडियारम, तिसऱ्यात ब्राझिलिएन्स. कोणतं लिहायचं? यापैकी एकही नाही. या वंशातल्या जाती १६एसच्या बाबतीत इतक्या जवळच्या आहेत की तो फक्त वंशापर्यंत नेतो.

नावांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. एल. आर. जोन्स यांनी १९०१ मध्ये गाजराच्या सडीतून याचं वर्णन बॅसिलस म्हणून केलं. १९१७ मध्ये अर्विन स्मिथ यांच्या नावाचा एर्विनिया वंश आला. पेक्टोबॅक्टेरियम हे नाव १९४५ चं, पण ते पक्कं रुळलं १९९८ नंतर. एर्विनिया क्रिसँथेमीचा डिकेया झाला २००५ मध्ये. पुढे ज्यांना कॅरोटोव्होरमच्या उपजाती म्हणत त्यांतल्या बऱ्याच स्वतंत्र जाती झाल्या, ब्राझिलिएन्स आणि ओडोरिफेरम त्यांतल्याच. जनुकांच्या सार्वजनिक साठ्यात जुन्या नोंदी जुन्याच नावांनी पडून आहेत. त्यामुळे पहिल्या ओळीतलं नाव म्हणजे ती नोंद कुणी आणि कधी भरली याचा पुरावा, तुमच्या जिवाणूचा नाही.

पीसीआरची (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघण्याची) सोय असेल तर वाय१-वाय२ ही पेक्टेट लायेज जनुकावरची प्रायमरची जोडी पेक्टोबॅक्टेरियमसाठी ४३४ बेसचा पट्टा देते आणि एडीई१-एडीई२ डिकेयासाठी ४२० चा. हे दोन पट्टे इतके जवळ आहेत की एकाच जेलवर शेजारी पळवून नुसत्या अंदाजाने वाचू नयेत. दोन्ही अभिक्रिया वेगळ्या लावा आणि प्रत्येकीला आपला पॉझिटिव्ह ठेवा. ब्राझिलिएन्ससाठी बीआर१एफ-एल१आर ही जोडी ३२२ चा पट्टा देते, पण तो आला म्हणून थेट जात छापू नका. जातीचं नाव हवंच असेल तर डीएनएएक्स, आरईसीए, जीएपीए यांसारखी जनुकं वाचून प्रत्येक जातीच्या प्रमाण जिवाणूंसोबत वंशवृक्ष काढावा. संपूर्ण जीनोम परवडत असेल तर सरासरी न्यूक्लिओटाइड साम्याची ९५-९६ टक्क्यांची रेषा बघावी. सडलेल्या रसातून थेट डीएनए काढून पीसीआर केलं तर तीच जुनी अडचण: तो तिथे होता, एवढंच कळतं. आणि भाजीच्या रसातले घटक अभिक्रिया दाबतात, म्हणून निगेटिव्ह आला तर द्रावण दहापट पातळ करून एकदा पुन्हा लावा.

शेतकऱ्यासाठी हा सगळा खटाटोप बहुधा लागत नाही. पेक्टोबॅक्टेरियम असो वा डिकेया, गड्ड्यात सड उतरल्यावर कोणतीही फवारणी ती मागे फिरवत नाही. त्याला हवं असतं ते हे की रोग शेतात लागला की काढणीनंतर, त्याच्या आधी घाण्या होता का, आणि धुण्याच्या पाण्यातून तो पसरतोय का. म्हणून अहवालात मी असं लिहितो: ‘पेक्टोबॅक्टेरियम वंशातला जिवाणू, कोबीच्या पानावर रोगक्षमता सिद्ध, जात निश्चित केलेली नाही.’ खाली नमुना कुठून आला, काढणीनंतर किती तासांनी पोचला आणि तुकडा कुठल्या भागातून घेतला हे एका ओळीत. स्यूडोमोनास निघाला आणि पानावरची चाचणी निगेटिव्ह आली, तर ‘रोगकारक आढळला नाही, ताजा नमुना पाठवा’ असं लिहून सोबत नमुना घेण्याच्या सूचनांचा कागद जोडतो. उरलेला सडका माल मात्र ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर टाका. प्रयोगशाळेच्या मागच्या खतखड्ड्यात तसाच गेला, तर पावसाच्या पाण्याबरोबर तो तुमच्याच प्रात्यक्षिकाच्या वाफ्यांत उतरतो.